मॉरिशसमधला १२ मार्च

मार्चमध्ये मॉरिशसला जाऊ नका, असं ट्रॅव्हल एजंटनं बजावून सांगितलं होतं. वादळांचे दिवस, दमट उकाडा, समुद्र कधी खवळेल त्याचा नेम नाही. पण आम्हाला समुद्र बघायचाच नव्हता. चिपळूणच्या माणसानं समुद्र बघायला एवढे पैसे का घालवावेत? आम्हाला १२ मार्च बघायचा होता. १९६८ साली त्या तारखेला हे बेट स्वतंत्र झालं आणि १९९२ साली त्याच तारखेला प्रजासत्ताक झालं. म्हणजे आपले पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी तिथे एकाच दिवसात उरकतात. गांधीजी दांडीला निघाले तो दिवसही १२ मार्चच, आणि त्या आठवणीसाठीच ही तारीख धरली असं तिथे जो तो सांगतो.

राहायची सोय कात्र बोर्नला एका निवृत्त मराठी शिक्षकांकडे झाली होती. शाळेत आपल्याकडच्या भाषा शिकवणाऱ्याला तिथे सगळे गुरुजीच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांचं मराठी व्याकरणाच्या पुस्तकातून उतरल्यासारखं, स्वच्छ. घरात मात्र बायकोशी, नातवंडांशी सगळं क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या बोलीत. काकूंना मराठी कळतं, बोलताना लाजतात.

१० मार्च

सकाळी मेट्रोनं राजधानीला, पोर लुईला. ही मेट्रो म्हणजे रस्त्याच्या कडेनं जाणारी ट्राम. बांधली आपल्या लार्सन अँड टुब्रोनं, भारतानं दिलेल्या मदतीतून. गाडीत बसल्या बसल्या खिडकीतून झेंडे मोजायचा नाद लागला आणि रोझ हिलच्या पुढे सोडून दिला. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार आडवे पट्टे. बाल्कनीतून, टॅक्सीच्या आरशावर, केशकर्तनालयाच्या दारात, एका कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा.

बंदराजवळ आप्रवासी घाट आहे, भारतातून आणलेले मजूर उतरवायचे ते ठिकाण. २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे, पण बघताना पहिल्यांदा जरा निराशाच होते. काळ्या बेसाल्टच्या भिंती, मोडक्या ओवऱ्या, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. एवढंच. पलीकडे मोटारींचा रस्ता घूं घूं करत असतो. मग आतलं प्रदर्शन बघितलं आणि परत बाहेर येऊन त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ बसलो.

ब्रिटिशांनी १८३५ साली इथली गुलामगिरी बंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ ला, ‘अॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर आले होते. ऊस कोणी तोडायचा हा प्रश्न मळेवाल्यांनी अगोदरच सोडवून ठेवला होता म्हणायचं. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. सगळ्यात जास्त कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि सगळ्यात थोडी मुंबई बंदरातून. त्या थोड्यांतले आपले कोकणी लोक. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. हा ‘डबल कट’ वाचल्यावर नवरा म्हणाला, “आजारी पडायचीसुद्धा चोरी.”

करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानं जुन्या मजुरांना फोटो लावलेला पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. तो नसला की भटक्या म्हणून तुरुंग. याविरुद्ध १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय माणसानं अर्ज तयार केला. त्याच्यावर ९,४०१ मजुरांच्या सह्या होत्या. मळेवाले चवताळले, त्यांनी द प्लेव्हित्झला रस्त्यात मारहाण केली. पण पुढच्या वर्षी रॉयल कमिशन नेमावं लागलं.

या बेटाच्या स्वराज्याची सुरुवात कुठे धरायची असं मला विचारलं तर मी या अर्जापासून धरेन. तिथल्या इतिहासात बंदुका फार नाहीत. अर्ज, सह्या, मतदारयाद्या, कमिशनं आणि लंडनच्या वाऱ्या. आपल्याकडे असल्या गोष्टींना कोणी पोवाडा लावत नाही.

दुपारी बाजारातल्या गाडीवर डाळपुरी खाल्ली. ती कायम जोडीनंच देतात, एकीवर एक. आत चण्याच्या डाळीचं भरड पुरण, पण तिखटमीठाचं. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची चटणी, आणि सगळं कागदात गुंडाळून हातात. पुरणपोळीच्या घरातल्या माणसाला पहिला घास गोड लागणार असं वाटत असतं आणि मिरची डोक्यात जाते. वरून आलुदा प्यायलो: दूध, सब्जा, चायना ग्रास. आपला फालुदाच बोट धरून इथवर आलेला.

११ मार्च

गुरुजींच्या जुन्या शाळेत झेंडावंदन होतं, तिथे सकाळी गेलो. मुलं रांगेत, छातीला चौरंगी फिती, शेवटी केक आणि सरबत. ‘मदरलँड’ हे राष्ट्रगीत इंग्रजीत आहे. ते म्हणून झाल्यावर मुलं आपसात क्रिओलमध्ये दंगा करू लागली, बाईंनी त्यांना फ्रेंचमध्ये दटावलं आणि नंतर एका मुलीनं आमच्यासमोर मराठीत कविता म्हटली. हे सगळं पाऊण तासात. तिथे कोणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग पांपलमूसच्या बागेत. परातीएवढ्या, छे, परात लहान पडेल, वाटोळ्या चुलाणाएवढ्या पानांची कमळं आहेत, ती सगळे बघतात. आम्ही त्याच बागेतल्या सर शिवसागर रामगुलाम यांच्या समाधीपाशी गेलो. १९८५ साली त्यांचे अंत्यसंस्कार इथे झाले. बागेलाही त्यांचंच नाव, विमानतळालाही त्यांचंच. ऊसमळ्याच्या वस्तीवर जन्मलेला मुलगा, लंडनला जाऊन डॉक्टर झालेला, मजूर पक्षाचा पुढारी आणि देशाचा पहिला पंतप्रधान.

गुरुजींनी मात्र समाधीपुढे उभं राहून वेगळीच गोष्ट सांगितली. १९८२ च्या निवडणुकीत मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधी आघाडीनं जिंकल्या. खुद्द रामगुलाम पडले. “आणि दुसऱ्या दिवशी काय झालं माहीत आहे, ताई? काहीही झालं नाही. अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. मी शाळेत गेलो, हजेरी घेतली.” राष्ट्रपिता म्हणवणाऱ्या माणसाला लोकांनी चौदा वर्षांत घरी बसवलं, पुढे तोच गव्हर्नर जनरल झाला, आणि आज सगळे त्याच्या समाधीवर फुलं वाहतात. आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या किती देशांना हे साधलं ते आठवून बघा.

संध्याकाळी ओसरीवर गप्पा रंगल्या. गुरुजींचे वडील ऊसतोडीला जायचे. १९४८ पर्यंत या देशात मतदार होते जेमतेम १२ हजार, लोकसंख्या चार लाखांच्या वर. जमीनजुमला असणाऱ्यांचं राज्य. १९४७ च्या नव्या घटनेनं साधं लिहितावाचता येणाऱ्याला मत दिलं, आणि इंग्रजी-फ्रेंचच पाहिजे असं नाही, हिंदुस्तानी, तमिळ, उर्दू, चिनीही चाललं. मग गावोगावच्या बैठकांमध्ये, म्हणजे रात्रीच्या शाळा भरायच्या त्या झोपड्यांमध्ये, गर्दी उसळली. वासुदेव विष्णुदयाळ आणि त्यांच्या जन-आंदोलनाचे स्वयंसेवक कंदील घेऊन हिंडायचे आणि मोठ्या बाप्यांना स्वतःचं नाव लिहायला शिकवायचे. एका वर्षात मतदार ७१ हजारांवर गेले.

गुरुजींनी कपाटातून वडिलांची पाटी काढून दाखवली. दगडी पाटी, लाकडी चौकट, एक कोपरा उडालेला. मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं नाव, देवनागरीत. ‘जी’ची वेलांटी पहिल्यांदा विसरलेली आणि नंतर वर दाबून काढलेली. काकू म्हणाल्या, सासरे पुढे आयुष्यभर बँकेतसुद्धा तीच सही करायचे, कारकून कितीही कुरकुरला तरी.

१२ मार्च

ध्वजारोहणाचा मोठा सोहळा संध्याकाळी शां द मार्सवर असतो. हे घोडदौडीचं मैदान, १८१२ सालचं. डोंगरांच्या कुशीत शहर, आणि शहराच्या मधोमध ही हिरवळ. लोक दुपारपासूनच चटया, डबे, पाण्याचे कॅन घेऊन येत होते. पाऊस दोनदा येऊन गेला. कोणी उठलं नाही, छत्र्या तेवढ्या उघडल्या आणि मिटल्या.

आमच्या शेजारच्या चटईवर गुरुजींच्या ओळखीच्या एक क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातल्या, आजी होत्या, गुडघ्यावर झेंडा पांघरून बसलेल्या. त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही पर्यटनपत्रकात नाही. “१९६८ ला माझी आई रडत होती. आनंदानं नव्हे.”

याला कारण आहे. ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक म्हणजे एका अर्थी स्वातंत्र्यावरचं मतदानच होतं. रामगुलाम यांचा मजूर पक्ष, विष्णुदयाळ बंधूंपैकी सुखदेव यांचा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहमद यांचा मुस्लीम पक्ष एकत्र येऊन स्वातंत्र्य मागत होते. गाएतान द्युव्हाल यांचा पक्ष म्हणत होता की ब्रिटनशी जोडलेलेच राहू. स्वातंत्र्यवाल्यांना ३९ जागा मिळाल्या, समोरच्यांना २३. पण मतं बघितली तर १०० पैकी ४४ जण नको म्हणाले होते! हिंदूंचं राज्य येईल अशी क्रिओल आणि गोऱ्या घरांतून धास्ती होती. कितीतरी कुटुंबं सामान बांधून ऑस्ट्रेलियाला गेली. त्यात जानेवारी १९६८ मध्ये पोर लुईत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं, आणि समारंभाला येणाऱ्या राजकन्या अलेक्झांड्रा यांचा दौरा रद्द झाला. अशा वातावरणात १२ मार्चला दुपारी याच मैदानावर युनियन जॅक उतरला आणि चार पट्टे वर गेले.

आजींचे दोन मामा मेलबर्नला गेले. आई जहाजाच्या भाड्यापायी राहिली. “म्हणून मी मॉरिशियन,” असं म्हणून त्या खो खो हसल्या आणि मला डब्यातला मिरचीचा भजा दिला. मला त्यांचा तो झेंडा गुडघ्यावर घेऊन बसणं भाषणांपेक्षा जास्त पटलं. भाषणात नेहमीचंच सगळं होतं: विविधता, एकता, प्रगती.

संचलन चांगलं झालं. या देशाला फौजच नाही. पोलीस आहेत, त्यांचंच खास दल आहे आणि तटरक्षक आहेत. तेच कदम ताल करत जातात. आपल्याकडच्या रणगाडे-क्षेपणास्त्रांची सवय झालेल्या डोळ्यांना ते जरा सुनं वाटतं खरं. मग हेलिकॉप्टर भलामोठा झेंडा लोंबकळवत डोंगरामागून आलं आणि सगळं मैदान उभं राहिलं.

अंधार पडल्यावर नाचगाणी. कलाकारांच्या तंबूमागे एक माणूस शेणीएवढा जाळ करून त्यावर राव्हान तापवत होता. राव्हान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा, चपटा, एका बाजूचा डफ. गुलामांच्या सेगा नाचाचं वाद्य. पावसानं कातडं सैल पडलेलं. तो गोल फिरवत शेकायचा, बोटाच्या पेरानं टिचकी मारायचा, कान लावायचा, परत शेकायचा. नवऱ्यानं त्याला खुणेनं विचारून हात लावून बघितला. आमच्याकडे हलगी अशीच शेकतात हे त्याला सांगायचा त्यानं खूप प्रयत्न केला. शेवटी ‘इंडिया सेम, सेम’ एवढ्यावर भागलं.

परतताना मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती. तरी सगळे गात होते.

१३ मार्च

सुट्टी संपली. गुरुजींचा मुलगा सकाळी सातला ऑफिसला निघाला. चहा पिता पिता त्याचं आणि बापाचं जुंपलं, विषय चागोस बेटं. आदल्या दिवशीच्या भाषणांमध्ये त्याचा उल्लेख झाला होता.

१९६५ साली लंडनला लँकेस्टर हाऊसमध्ये स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना ब्रिटननं चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून घेतला, बदल्यात ३० लाख पौंड. रामगुलाम यांना स्वातंत्र्य मिळण्याची आशा आणि न मिळण्याची भीती एकदमच दाखवायची, हे ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या कार्यालयातल्या टिपणात नोंदलेलं आहे. पुढे तिथले दीड-दोन हजार रहिवासी १९७३ पर्यंत हुसकून काढले आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. हे लोक पोर लुईच्या कडेच्या वस्त्यांत येऊन पडले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हे तोडणं बेकायदा होतं असं मत दिलं, आणि मे २०२५ मध्ये बेटं परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर.

मुलाचं म्हणणं, म्हाताऱ्यांनी एक तुकडा विकून बाकीचं घर घेतलं. गुरुजींचं म्हणणं, तू त्या टेबलाशी बसला असतास तर काय केलं असतंस? मुलगा म्हणाला, सही केली नसती. “मग आज तू ब्रिटिश पासपोर्ट घेऊन मला हे सांगत असतास,” गुरुजी म्हणाले. काकूंनी दोघांच्या पुढ्यात ब्रेड सरकवला. माझं मत मुलाच्या बाजूला झुकतं, पण ते मी तिथे बोलले नाही. पाहुण्यानं घरातल्या भांडणात पडू नये.

टॅक्सीचे पैसे देताना नोटा नीट बघितल्या. दोन हजारांवर रामगुलाम, पाचशेवर सुखदेव विष्णुदयाळ, दोनशेवर अब्दुल रझाक मोहमद, हे समजण्यासारखं. पण एक हजाराच्या नोटेवर गाएतान द्युव्हाल! ज्यांनी स्वातंत्र्याला उभा विरोध केला तेच. ते दोन वर्षांतच रामगुलाम यांच्या सरकारात परराष्ट्रमंत्रीही झाले होते. टॅक्सीवाल्याला यात काय विचारायचं तेच कळेना.

संध्याकाळी हेन्रिएताला. वाक्वाच्या पुढचं हे थंड, पावसाळी गाव. बेटावरचा पहिला गणेशोत्सव १८९६ साली इथे भिवाजी कुटुंबानं केला. आज गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. लोकसंख्येत आपली माणसं मूठभर, तरी.

तिथल्या मराठी मंडळाची पोरं झाकरीचा सराव करत होती. आदल्या दिवशी गावच्या १२ मार्चच्या कार्यक्रमात सेगा आणि भोजपुरी गीतांच्या मध्ये त्यांचाही नाच झाला होता, आणि म्हणे पायात गोंधळ उडाला, म्हणून लगेच तालीम. मधे गाणारे, भोवती रिंगण, झांजा. पहिला गण सुरू झाला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. ही आमची जाखडी! गुहागर-चिपळूणकडे गणपतीत अंगणात नाचतात तीच. दीडशे वर्षांत सूर थोडा रुंदावलाय, शब्द झिजलेत, काही ठिकाणी क्रिओल घुसलंय; पण रिंगणात पाऊल मागे घ्यायची ती लकब तशीच.

नवरा तरुणपणी शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे दोन बाजूंच्या सवाल-जवाबी जाखडीच्या, बारीत नाचलेला. त्यानं बूट काढले. दहा मिनिटांनी पोरं त्याच्या मागे होती, पंचवीस मिनिटांनी त्याला धाप लागली होती आणि तरी तो थांबेना. त्यांच्याकडे सवाल-जवाब राहिलेले नाहीत, गण आणि चार गाणी उरलीत. त्यातली एक मुलगी वहीत रोमन लिपीत सगळं उतरवून घेत होती. तिची मोठी तक्रार अशी की तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलंय.

आता तिचे प्रश्न व्हॉट्सअॅपवर येतात. गण झाल्यावर गवळण लगेच की मधे काही? ‘मुजरा’ कुणाला करायचा? परवा विचारलं की शक्तीवाले आणि तुरेवाले यांच्यात जिंकतं कोण आणि ते ठरवतं कोण, मतदान असतं का. नवऱ्यानं गावाकडच्या शाहिरांना फोन लावलाय, ते शिमग्याच्या गडबडीत आहेत, रविवारी बोलू म्हणालेत.